पुण्याहून लंडन किती दूर?

पृथ्वीचा गोल घ्यावा, एका दोऱ्याचे टोक मुंबईवर टाचणीने रोवावे आणि दुसरे टोक लंडनवर ओढून धरावे. दोरा ताणला की तो आपोआप दोन गावांमधील अत्यंत जवळची वाट दाखवितो. हे अंतर भरते सुमारे ७,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर ही वाट अरबस्तान आणि भूमध्य समुद्र यांवरून जाईल असे वाटते. परंतु नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी सपाट नाही. गोलावरचा दोरा सौराष्ट्राचा किनारा सोडून सिंधमध्ये, कराचीच्या जरा पूर्वेकडून वर चढतो, इराण ओलांडतो, कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक कापतो, काळ्या समुद्राला डाव्या हातास ठेवून युक्रेनवरून पोलंडमध्ये उतरतो आणि जर्मनीवरून जवळजवळ सरळ पश्चिमेकडे तोंड करून लंडनला पोचतो. कराची आणि युक्रेन ही दोन नावे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत.

मैल मोजणारे अंतर ते हेच. हे शिवाजीमहाराजांच्या काळीही एवढेच होते आणि आजही एवढेच आहे. परंतु माणसाला, पत्राला किंवा तहाच्या कागदाला जे अंतर कापावे लागते ते मैलांचे नसून दिवसांचे असते, आणि या दुसऱ्या अंतराला मात्र इतिहास आहे. पुण्याच्या राजकारणाचा गेल्या अडीचशे वर्षांतील बराचसा भाग या दिवसांच्या अंतराने घडविला अथवा बिघडविला, असे आमचे मत आहे. त्याचीच काही उदाहरणे आज मांडावयाची आहेत. ज्या व्याख्यानमालेची सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली केली तिच्यात हा विषय अगदीच परका ठरू नये. कारण ती सुरू झाली तेव्हा सुवेझचा कालवा खुला होऊन सहाच वर्षे झाली होती, आणि त्या पिढीच्या पुणेकरांना विलायत अचानक जवळ आल्याचा अनुभव ताजा होता.

प्रारंभ पुरंदरापासून करू. राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह केला. साष्टी आणि वसई द्यावी, इंग्रजांनी दादांना पेशवाईच्या गादीवर बसवावे, असा सौदा ठरला. पण रेग्युलेटिंग अॅक्ट नुकताच अमलात आला होता आणि मुंबईकरांवर कलकत्त्याचा अधिकार बसला होता. कलकत्त्याच्या कौन्सिलाने हा तह अन्याय्य आणि अधिकाराबाहेरचा ठरविला, कर्नल अप्टन यास पुण्याकडे धाडले आणि बारभाईंशी नवी बोलणी लावली. सखारामबापू व नाना फडणीस यांनी अप्टनला चांगला तंगविला. अखेर १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास दुसरा तह झाला. आता सुरतेचा तह रद्द झाला, दादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला, असे पुण्याने समजावे की नाही? समजलेच होते. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टात लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांचे पत्र मुंबईस येऊन थडकले. त्यात सुरतेच्या तहाला मान्यता होती आणि मिळालेला मुलूख राखावा असे सांगितले होते!

यात डायरेक्टरांची लबाडी शोधण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती सुरतेची बातमी होती; पुरंदरची वार्ता लंडनला पोचण्यापूर्वीच ते पत्र लिहून निघाले होते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला पाच-सहा महिने सहज लागत. बसऱ्याहून वाळवंटमार्गे जासूद धाडला तर काही आठवडे वाचत, पण तेही वाट निर्वेध असेल तर. म्हणजे एकाच वेळी तीन ठिकाणी तीन निरनिराळे ‘आज’ चालले होते: पुण्याचा आज, कलकत्त्याचा आज आणि लंडनचा आज. लंडनचा आज पुण्याच्या आजाहून निदान चार-पाच महिने शिळा होता. मुंबईकरांना हवे ते निमित्त मिळाले. पुरंदरचा तह त्यांनी मनापासून कधी मानलाच नाही, आणि १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज दादांना घेऊन बोरघाट चढून आली. वडगावास तिची काय दशा झाली ते येथे सांगावयास नको. लढाई पुढे सालबाईपर्यंत चालली. युद्धाची कारणे अर्थातच खोल होती. केवळ टपालाच्या दिरंगाईने साष्टीचा लोभ उत्पन्न झाला नव्हता. तथापि त्या लोभाला कायद्याचे पांघरूण मिळाले ते मात्र त्या दिरंगाईमुळेच.

अंतराचे हे मर्म राघोबादादांना त्यांच्या शत्रूंपेक्षा लवकर कळले, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. मुंबई आणि कलकत्ता यांच्याशी घासाघीस करण्यापेक्षा मूळ धन्याकडेच माणूस पाठवावा म्हणून त्यांनी हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्याबरोबर मणियार पारशी पितापुत्र यांस थेट इंग्लंडला धाडले. १७८१ साली ही मंडळी तेथे होती. एडमंड बर्कने त्यांची हालअपेष्टा पाहून त्यांना आपल्या घरी नेले आणि ब्राह्मणाला सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. राजकीय फळ काही मिळाले नाही. ज्या गावाहून उत्तर यावयास वर्ष लागते त्या गावी वकील पाठविला, तर तो पोचेपर्यंत त्याची वकिली ज्या स्थितीबद्दल आहे ती स्थितीच उरत नाही. शिवाय परत आल्यावर समुद्रोल्लंघनाचे प्रायश्चित्त होतेच. पुण्याहून लंडनच्या अंतरात हाही एक मुक्काम पुढे शंभर-सव्वाशे वर्षे धरावा लागे, आणि तो कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसे.

दुसरे उदाहरण अधिक करुण आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांस कंपनी सरकारने १८३९ साली पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे सुमारे चौदा वर्षे राहिले. इंग्रजी शिकले, सभांतून बोलले, अर्जामागून अर्ज छापले. इकडे धनी १८४७ त काशीस वारले. १८४८ त साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. आणि वकील अजून लंडनमध्ये अशिलाचा न्याय मागत होता. १८५३ च्या अखेरीस ते परतीस लागले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मुलाला फाशी झाली आणि स्वतः रंगो बापूजी कोठे नाहीसे झाले ते कोणास कळले नाही. त्यांच्या काळी वाट तशी आखूड झाली होती. मार्च १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघून महिनाभरात सुवेझला पोचली होती, जरी त्यातले कित्येक दिवस वाटेत कोळसा घेण्यातच गेले. सुवेझहून उंटावरून वा गाडीतून इजिप्त ओलांडावे आणि अलेक्झांड्रियास दुसरी बोट धरावी, अशी ती ‘ओव्हरलँड’ वाट. त्याच वर्षी नोव्हेंबरात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. तात्पर्य, रंगो बापूजींचे कागद महिन्या-दोन महिन्यांत पोचत होते. ते वाचणाऱ्यांना ऐकावयाचे नव्हते, ही गोष्ट वेगळी. तो दोष आगबोटीचा नव्हे.

यानंतरची सात वर्षे आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. १८६३ च्या एप्रिलात बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि पुणे मुंबईच्या बंदराला अखंड जोडले गेले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला. मुंबई ते लंडन हा केपवरून सुमारे वीस हजार किलोमीटर पडणारा समुद्रमार्ग साडेअकरा हजारांवर आला. आणि १८७० साली तारायंत्राच्या दोन वाटा पुऱ्या झाल्या. एक मुंबईहून एडनमार्गे समुद्राच्या तळातून. दुसरी लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान, बुशायर अशी जमिनीवरून येऊन आखातातील दोरीने कराचीस लागणारी. प्रारंभीचा आमचा दोरा पुन्हा गोलावर ठेवून पाहावा. सीमेन्सच्या कारागिरांनी खांब रोवले ते त्या दोऱ्याच्या बऱ्याच जवळून! विमानाचे नावही नव्हते तेव्हा शब्द या वाटेने उडू लागले.

पण तार आणि टपाल ही एकाच वेगाने चालत नव्हती, आणि दोन्ही सर्वांच्या आवाक्यातली नव्हती. या फरकात पुण्याचा एक थोर पुरुष कसा सापडला ती हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

१८९७ साली गोपाळराव गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले होते. वय अवघे एकतीस. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेगचा कहर आणि रँडच्या हाताखालील गोऱ्या सोजिरांची घरझडती चालू होती. पुण्यातील मित्रांची पत्रे गोखल्यांना आठवड्याच्या विलायती टपालाने मिळत. पत्र टाकल्यापासून त्यांच्या हाती पडेपर्यंत दोन-अडीच आठवडे जात. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असे त्यांना लिहून आले. २२ जून रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. लंडनच्या वृत्तपत्रांत पुण्यातील ब्राह्मणांवर आग पाखडली जाऊ लागली, तेव्हा लोकांच्या संतापाचे कारण काय हे सांगण्यासाठी गोखल्यांनी पत्रांतील मजकूर ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीला आणि पार्लमेंटच्या काही सभासदांना सांगितला.

आता दोन्ही बाजूंची साधने पाहा. भारतमंत्र्याने मुंबई सरकारला तारेने विचारणा केली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टचे साफ इन्काराचे उत्तर तारेनेच आले. प्रश्न आणि उत्तर मिळून काही दिवसांचे काम. गोखल्यांना मात्र त्याच मित्रांना “नावे कळवा, पुरावा पाठवा” असे पत्राने विचारावयाचे तर जाऊन उत्तर यावयास पाच आठवडे हवेत. आणि तारेने विचारावे तर तारऑफिस सरकारचे, शब्दागणिक खर्च जबर, आणि ज्या घरांतील स्त्रियांची अब्रू गुंतलेली त्यांची नावे तारेत कोण घालणार? सरकारचे पुणे लंडनपासून काही तासांवर होते. गोखल्यांचे पुणे सतरा-अठरा दिवसांवर. पार्लमेंटमध्ये त्यांना खोटे पाडले गेले ते या अठरा दिवसांच्या फटीत.

ते जुलैच्या अखेरीस परतले तेव्हा टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले होते, नातू बंधूंना अटकेत टाकले होते, गाव धास्तावलेला होता. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांतला एकही पुढे येऊन साक्ष देईना. नावे फोडली असती तर गोखले सुटले असते, मित्र अडकले असते. त्यांनी नावे फोडली नाहीत. ऑगस्टच्या प्रारंभी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची किती हेटाळणी झाली, राष्ट्रसभेच्या पुढील अधिवेशनात त्यांना कसे मूग गिळून बसावे लागले, हे जुन्या पिढीला तोंडपाठ असे. त्या माफीबद्दल मतभेद आजही आहेत. आमचे मत असे की, खबरीची खातरजमा न करता बोलणे ही चूक झाली खरी, पण त्या अंतरावर खातरजमा करणे हे त्यांना शक्यच नव्हते. आणि मित्रांची नावे गिळून सारा अपमान एकट्याने सोसणे यास आम्ही भित्रेपणा म्हणावयास तयार नाही.

यानंतर तीसेक वर्षे समुद्रावरचे अंतर जवळजवळ स्थिर राहिले. साधारण दोन-अडीच आठवडे. घाईचा प्रवासी मार्सेल्सला उतरून फ्रान्समधून आगगाडीने जाई आणि आठवडाभर वाचवी. फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायकराव सावरकर यांना १ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीवर चढवून आणले तेव्हा पोलिसांनी मुद्दाम सगळी वाट पाण्यावरून धरली, परक्या भूमीवर पाय लागून कायद्याचा घोळ होऊ नये म्हणून. बोट मार्सेल्सला थांबली, ८ जुलैस त्यांनी उडी मारली, आणि टाळलेला घोळ हेगच्या न्यायपीठापर्यंत गेला! सावरकरांना मुंबईस २२ जुलैला आणले गेले. महायुद्धाच्या काळी हे अंतर पुन्हा वाढले. लोकमान्य चिरोलवरील खटल्यासाठी १९१८ च्या सप्टेंबरअखेर निघाले ते ऑक्टोबर संपता संपता लंडनला पोचले. मृत्यूपूर्वी दोन वर्षांवर आलेल्या या पुरुषाचा महिन्याहून अधिक काळ केवळ जाण्यात गेला.

आणि मग १९३२ चा सप्टेंबर. पुरंदरच्या तहाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. पुन्हा एक करार पुण्यातच, आणि पुन्हा त्याला लंडनची संमती हवी. पंतप्रधान मॅकडोनल्ड यांच्या जातीय निवाड्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरच्या दुपारपासून प्राणांतिक उपोषण मांडले. डॉ. आंबेडकर, मालवीयजी, राजाजी, सप्रू, जयकर यांच्या वाटाघाटी मुंबईत आणि मग पुण्यात चालल्या. अस्पृश्य समाजाला निवाड्यातील ७१ राखीव जागांऐवजी १४८ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघाऐवजी संयुक्त, या पायावर २४ तारखेच्या शनिवारी सायंकाळी सह्या झाल्या. या करारात कोणी काय दिले आणि कोणाला काय द्यावे लागले, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि डॉक्टरांवर त्या पाच दिवसांत केवढे ओझे होते याची जाणीव पुण्याने ठेवली पाहिजे. येथे मुद्दा वेळेचा. गांधीजींचे म्हणणे होते की ब्रिटिश सरकारने निवाडा बदलल्याखेरीज उपवास सुटणार नाही. कराराचा मसुदा तारेने लंडनला गेला. तिकडे रविवारची सुट्टी. मंत्री गावोगाव पांगलेले. त्यांना लंडनला गोळा व्हावे लागले. सोमवारी, २६ तारखेस, मान्यतेची तार आली, आणि त्याच सायंकाळी रवींद्रनाथांच्या उपस्थितीत उपवास सुटला.

सह्यांपासून संमतीपर्यंत दोन दिवस! १७७६ च्या मापाने मोजले असते तर संमती १९३३ च्या पावसाळ्यात आली असती. आणि मग कोणाचा उपवास, आणि कोणाचा करार? प्राणांतिक उपोषण हे राजकीय शस्त्र तारायंत्राच्या युगातच संभवते, ही गोष्ट आमच्या वाचनात फारशी कोणी नोंदलेली नाही.

पुणे कराराला तीन आठवडे होताहेत तोच, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून सकाळी साडेसहाच्या सुमारास एका लहानशा ‘पस मॉथ’ विमानात टपालाची थैली घेऊन उडाले, अहमदाबादेस पेट्रोल घेतले आणि दुपारी दोनच्या आत मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. पुढची थैली नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. कराचीच का? कारण लंडनचे विमानी टपाल कराचीपर्यंतच येत असे. ‘इंपीरियल एअरवेज’ने ३० मार्च १९२९ रोजी ही सेवा सुरू केली तेव्हा लंडनहून बासेलपर्यंत विमान, बासेलहून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, तेथून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि पुढे पुन्हा जमिनीवरचे, असा सात दिवसांचा खटाटोप होता. कराचीचे स्थान आमच्या दोऱ्यावरच आहे, तेव्हा निवड चुकीची म्हणता येणार नाही. पण कराचीहून मुंबई-पुण्याची पत्रे आगगाडीने येताना विमानाने मिळविलेले दिवस पुन्हा गमावले जात, ती फट टाटांनी बुजविली.

त्याआधीची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्याने उडून प्रथम कापणाऱ्या हिंदी माणसाला आगाखानांनी बक्षीस लाविले होते. १९३० साली जे. आर. डी. इकडून निघाले, अस्पी इंजिनियर हा पोरगेलासा तरुण तिकडून. दोघांची गाठ इजिप्तमध्ये पडली. अस्पीचे विमान इंजिनच्या प्लगांवाचून अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले आणि पुढे निघाले. बक्षीस अस्पीने जिंकले. हाच तरुण पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता पुणेकरांच्या खास अगत्याची हकीकत. जुहूचे मैदान समुद्रकाठचे. पावसाळा लागला की ते पाण्याखाली जाई आणि विमान उतरविणे अशक्य होई. तेव्हा टाटांचे सगळे बिऱ्हाड, म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक, चार महिन्यांसाठी पुण्यास येई. त्यांना उतरावयास मिळालेले मैदान येरवड्याच्या तुरुंगाच्या अगदी सावलीत होते, जे. आर. डीं.नी स्वतःच ही आठवण मिस्किलपणे सांगून ठेवली आहे. ज्या भिंतींआड पुणे करार झाला त्यांच्या बाहेरच पावसाळ्यात लंडनच्या टपालाच्या थैल्या उतरू लागल्या. लोहगावचा तळ अजून व्हावयाचा होता. तो पुढे १९३९ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला.

प्रवाशांचे युग स्वातंत्र्यानंतर आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान, कॅप्टन गुझदर यांच्या हाती, पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले. कैरो, जिनिव्हा, लंडन. सुमारे चोवीस तास. कैरो-जिनिव्हाचा हा मार्ग दोऱ्यापासून बराच दक्षिणेकडे झुकतो. मधे पेट्रोल घेतल्यावाचून त्या विमानांना गत्यंतर नव्हते. या थांब्यांची किंमत जबर पडली. जिनिव्हाला उतरण्यासाठी आल्प्स पर्वताशी सलगी करावी लागे. तेच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँवर आदळले आणि आतील ४८ माणसे गेली. त्याच पर्वतावर २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंघा’ हे बोइंग आदळले आणि ११७ जणांत आमचे डॉ. होमी भाभा गेले. १९६० साली जेट विमाने आली तरी थांबे सुटले नव्हते. ते पुढे लांब पल्ल्याच्या विमानांनी सोडविले.

आज मुंबईहून लंडनला न थांबता जाणाऱ्या विमानास जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना सुमारे नऊ तास धरतात. हा फरक का, असे विचारले की बहुतेक जण पृथ्वीच्या फिरण्याकडे बोट दाखवितात. ते खरे नव्हे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच असते. कारण वेगळे आहे. आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी लागतात. घड्याळाची गंमत मात्र पृथ्वीच्या फिरण्यामुळेच होते. लंडनचे घड्याळ आपल्याहून साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. उन्हाळ्यात दुपारी दोनला मुंबई सोडणारा मनुष्य दहा तास बसून तिकडच्या सायंकाळी साडेसातला उतरतो. हा हिशेबदेखील एकेकाळी इतका सोपा नव्हता. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबई शहराने आपली वेळ हट्टाने १९५५ पर्यंत चालविली. ती प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे. सूर्य मुंबईकरांच्याच बाजूने होता, हे कबूल केले पाहिजे. पुण्याच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा आपले घड्याळ साडेबाराच्याही थोडे पुढे गेलेले असते.

एवढे झाल्यावर अंतराचा प्रश्न संपला असे कोणी समजू नये. आकाशाला कुंपण नसते हे खरे, पण राज्ये ते घालतात. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैत उघडले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध कोसळले आणि त्या देशावरून प्रवासी विमाने जाणे थांबले. २०२५ च्या एप्रिलात पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. श्रोत्यांना ध्यानात ठेवावयास सांगितलेली दोन नावे ती हीच. लंडनचे विमान अशा वेळी अरबी समुद्रावरून पश्चिमेस जाऊन, मग उत्तरेकडे वळसा घेऊन जाते. १९३२ साली ज्या कराचीहून आमची पत्रे येत तिच्यावरून भारतीय विमानाला जाता येत नाही. पाण्यावर हेच पूर्वी घडून गेले आहे. १९६७ च्या युद्धात सुवेझचा कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत उघडला नाही, आणि आठ वर्षे मुंबईची जहाजे हनुमंतरावाच्या काळच्या केपच्या वाटेने जात राहिली.

राहता राहिले पुण्याचे. लोहगावची धावपट्टी अडीच हजार मीटरच्या आसपास, तळ हवाई दलाचा. लंडनपर्यंतचे इंधन भरलेले मोठे विमान तेथून उचलणे कठीण. २००८ साली फ्रँकफुर्टला लहान विमानाची सेवा निघाली होती, त्याचे पुणेकरांस केवढे अप्रूप! लंडनला जावयाचे तर मुंबई गाठणे आले. पुणे ते मुंबई विमानाच्या रेषेत अवघे सव्वाशे किलोमीटर आहे. १९३० साली ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली ती पावणेतीन तासांत पोचत असे. २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आहे. तरीही रात्रीचे विमान असले की सदाशिव पेठेतले कुटुंब दुपारीच बॅगा गाडीत घालते. घाटात काय वाढून ठेवले असेल सांगता येत नाही म्हणून दोन तास जादा, विमानतळावर तीन तास आधी पोचावयाचे म्हणून ते तीन तास. आजी दारात उभी राहून दही घालते, आणि विमान मुंबईची जमीन सोडते तेव्हा घरून निघाल्याला आठ-नऊ तास होऊन गेलेले असतात.